बसत नाही हं मी

नऊ वर्षं ती एकाच दारातून आत आली.
दार मीच केलेलं. बरबँक, स्टेज क्रमांक चौदा,
पाइनची चौकट, हिरवा रंग,
बिजागरीला दर शुक्रवारी तेलाचे दोन थेंब.

हॅन्लींच्या स्वयंपाकघरात हॅन्ली भांडत असायचे
आणि झाकलेलं भांडं हातात घेऊन
शेजारची ओपल डोकवायची:
‘बसत नाही हं मी.’
एवढंच.
तीनशे माणसं हसून हसून पुढे वाकायची.
भांड्यात काय होतं, नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही.
वाळू होती. रिकामं भांडं हातात खोटं दिसतं.

मग हॅन्लींची मुलं मोठी झाली, करार संपले,
आणि वरच्या मजल्यावरच्या केंडलसाहेबांना वाटलं
ओपलचीच मालिका काढू.
लेखकांच्या खोलीत मी कपाट दुरुस्त करत होतो.
एक म्हणाला, लोणचं आहे ती,
लोणच्यावर कुणाचं पोट भरतं?
दुसरी म्हणाली, लोक ताटावर बसत होते
ते लोणच्यासाठीच.
‘पण पेलेल का ती?’
पेलेल का, पेलेल का, दुपारभर हेच.

पेलण्याचं मला विचाराल
तर सेटवरची एकही भिंत काही पेलत नाही.
मागे जाऊन बघा: तिरका टेकू,
टेकूच्या पायावर वाळूची पिशवी.
आता टेकूलाच पुढे आणून भिंत म्हणायचं
तर त्याच्यामागे काय लावायचं
हे वडिलांनी मला शिकवलं नाही.
त्यांनी येरेवानमध्ये खरी घरं बांधली.

नकाशा मागायला गेलो तर नकाशाच नव्हता.
ओपलचं घर कुणी पाहिलेलंच नव्हतं.
खिडकी कुठल्या बाजूला? भिंती कसल्या रंगाच्या?
नवरा पहिल्या वर्षी वारलेला,
चौथ्या वर्षी त्याचं पत्र आलेलं.
शेवटी रोझानलाच विचारलं, रोझान टिबोडोला,
जी रात्री नऊपर्यंत ओपल असायची
आणि मग बस पकडून घरी जायची.
‘कसं घर हवं?’
ती बराच वेळ माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिली.
‘खुर्च्या कमी,’ म्हणाली.

पहिल्या भागाला ती स्वतःच्या घराच्या मधोमध उभी.
तिचं वाक्य कुठेच बसेना.
आपल्याच घरात कोण म्हणतं तसं?
बेल वाजली, एक नवा पोरगा आत आला,
त्याच्या नुसत्या येण्याला हशा.
मी विंगेतून पाहिलं:
तिचे हात भांडं धरल्यासारखे वर आले
आणि रिकामेच खाली गेले.

रात्री तिने मला थांबवलं.
‘वार्तान, मागच्या भिंतीत एक दार करून देशील?
मला माझ्या घरात बाहेरून यायचंय.’

केलं. हिरवंच.
दुसऱ्या भागात ती परसातून आत आली,
थबकली. घरात कुणी नव्हतं.
टेबलाशी सरकवलेल्या खुर्चीला म्हणाली,
‘बसत नाही हं मी.’
हशा लगेच आला नाही.
आधी नुसत्याच खुर्च्या करकरल्या,
कुणीतरी खोकलं,
मग आला.

अकरा भाग झाले. बारावा लिहून तयार होता.
केंडलसाहेब म्हणाले, नाही पेललं.
असेल. आकडे त्यांच्याकडे, माझ्याकडे मोजपट्टी.
सेट मोडताना पिशव्या मोजल्या:
हॅन्लींच्या घराला चाळीस लागायच्या,
तिच्याला चौदा.

ती भांडं न्यायला आली होती.
मी म्हटलं, कॉफी आहे थर्मासमध्ये.
तिने इकडेतिकडे पाहिलं.
खुर्च्या सकाळीच ट्रकमध्ये गेल्या होत्या.
मग आम्ही दोघं
वाळूच्या पिशव्यांवरच बसलो.