अडीच इंचाचं तोंड

टेबल सॉच्या पाठीला भुशासाठी तोंड आहे, अडीच इंचाचं.
व्हॅक्युमच्या नळीचं तोंड सव्वा इंच.
दोन कंपन्या, एकमेकींची ओळख नाही.
मधे काय लावायचं?
वेंगुर्ल्याच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातली,
शेवटी बंदरावर भिकाजी तांडेलाच्या जुन्या इंजिनाचा
रबरी बूट मिळाला, डिझेलचा वास न सुटलेला.
चपखल बसला. दोन क्लिपा आवळल्या.
आता माझ्या भुशाला होडीचा वास येतो.

मशीन सुटसुटीत. पाय मिटतात, टेम्पोत आडवं पडतं,
शिरोड्यापासून परुळ्यापर्यंत कुणाच्याही पडवीत उभं राहतं.
पण पोट उघडं.
पात्याखालून सुटेल ते जमिनीवर,
नाहीतर वाऱ्यावर,
आणि वारा इथे दुपारी समुद्रावरून येतो,
माझ्या खळ्यातून आंजेलिनच्या खळ्यात जातो.

मे महिन्यात तिथे सोलं वाळत असतात.
ती काही बोलली नाही.
पहिल्या दिवशी चटई कुंपणाशी होती.
दुसऱ्या दिवशी माडाखाली.
चौथ्या दिवशी विहिरीपलीकडे,
जिथे ऊन फक्त अकरा ते दोन.
शिव्या घातल्या असत्या तर मीही दोन घातल्या असत्या,
हिशेब मिटला असता.
सरकत्या चटईला काय उत्तर द्यायचं?

पोटाला प्लायचा तळ ठोकला.
मोटारीला श्वास घ्यायला खिडकी ठेवली;
आधी ठेवली नव्हती, तेव्हा जळका वास आला होता.
रंगाचा वीस लिटरचा डबा, त्यावर सायक्लोनचं नरसाळं,
मागवल्यावर आठ दिवसांनी आलं.
कुरियरवाल्याने खोक्यावरचं नाव वाचलं.
"सायक्लोन? तो आता इकत पण गावता?"
आमच्याकडे तो फुकट येतो, जाताना पत्रे नेतो.
हा मात्र डब्याच्या भिंतीला घासत गरागरा फिरतो,
जड ते खाली टाकतो,
हलकं तेवढं वर फिल्टरकडे पाठवतो.

पहिल्याच चाचणीला नळीत फणसाची ढलपी अडकली
आणि डबा आतल्या आत चेपला.
मी हसलो.
मग हसू गेलं.

बाबांची छाती अशीच जायची आत, बरगड्यांच्या मधे,
शेवटचे दोन पावसाळे.
किंजळ कापायला घेतला की म्हणायचे,
"ह्यो वाईट भुसो, नाकात शिरता,"
आणि तोंडाला पंचा बांधायचे,
तोच पंचा, ज्याने जेवताना घाम पुसायचा.
त्यांचा भुसा पोत्यांनी बर्फाच्या कारखान्यात जायचा,
लाद्या झाकायला.
मेस्त्रीच्या भुशात लादी तीन दिवस टिकते, लोक सांगायचे.
छातीत गेला त्याची पोती कुणी मोजली नाहीत.
मीही नाही. मी तेव्हा पोती शिवत होतो.

डब्याला आतून सायकलची रिंग बसवली.
आता चेपत नाही.

काल परुळ्याच्या झोपाळ्याच्या फळ्या चिरल्या, फणसाच्या.
झाकण काढलं तर डब्यात हळदीसारखा ढीग, अजून कोमट.
टेबलावर बोटभर रेघ उरली होतीच.
पात्याच्या वरून उडतं ते अजून उडतंच,
गार्डला दुसरी नळी लावायची आहे,
झोपाळ्याचे पैसे आले की.

आंजेलिन कुंपणाशी आली.
"आवाज डबल झालो, आणि भुसो खंय गेलो रे?"
मी डबा पुढे केला.
तिने चिमूट उचलली, हुंगली.
"फणस. आणि ह्यो रॉकेलचो वास कसलो?"
"डिझेल," मी म्हटलं.
तिने मान हलवली, जसं काही आता सगळं समजलं.
कोंबड्यांच्या खुराड्यात घालायला अर्धं पोतं मागितलं,
सोलांविषयी अक्षर नाही.

आज चटई माडाखाली आहे.
माडापासून कुंपण नऊ पावलं.
मी मशीन बंद केल्यावर मोजली,
ती घरात गेलेली बघून.