एक पौंड हवा

सुई माझ्या दुकानातून गेली.
हे मी कुणाला बोललो नाही अजून,
रोज संध्याकाळी इथंच बाकड्यावर कोर्ट भरतं, तरी.

अशोक चौक. वर जुन्या टायरांची माळ,
खाली चौघे, पाचवा सायकलवरून एक पाय टेकून.
सगळे लूमच्या खडखडाटात वाढलेले,
कुजबुजले तरी गल्लीला ऐकू जातं.

सेमीफायनल पार्कावर होती, दिव्यांच्या उजेडात.
मिरजेचा तो डावरा बॅक,
पस्तीस यार्डांवरून जाळी फाडणारा,
त्याचे तिन्ही फटके वाटेतच बसले,
डबक्यात म्हैस बसावी तसे.
आपण एक-शून्यनं जिंकलो. हलगी वाजली, गुलाल उडाला,
आणि पंचानं बॉल अंगठ्यानं दाबला.
मग काटा लावला.
साडेसहा पौंड. नियमात साडेआठच्या खाली चालत नाही.

अंबादास येमूल म्हणतो,
दुपारी तीनला भरला बे, बेचाळीस डिग्रीत,
रात्री नऊला मोजला. हवा आकसणार नाही का?
सोलापूरचं ऊन काय मिरजेत मिळतं?
गुरुलिंग मास्तर, रिटायर, विज्ञानाचे,
माझ्याच बिलाच्या पाठीवर गणित मांडतात
आणि चष्मा काढून म्हणतात,
एक पौंड आकसेल. दोन नाही.

एक पौंड उन्हाचा.
दुसरा?

दुसऱ्यावर तीन आठवडे झाले, बाकडं हलतंय.
मेहताब नदाफ म्हणतो, दोन्ही टीम त्याच बॉलनं खेळल्या की!
खेळल्या. पण मऊ आहे हे एकालाच ठाऊक होतं.
कप परत करा. नको, गुण कापा.
नको, मॅच पुन्हा घ्या, भर उन्हात, दोन्ही काटे लावून.
सायकलवाला पोरगा म्हणतो, सगळेच करतात, सापडला तो चोर.
त्याच्यावर मास्तर असे बघतात
की तो पायडल मागं फिरवत बसतो.

निकाल लागला तो असा :
क्लबला पन्नास हजार. मालकाच्या एका पार्टीची बिर्याणी.
कॅप्टनला समज.
आसप्पाला, बॉलच्या पिशव्या वाहणाऱ्या आसप्पाला,
जन्मभर मैदान बंद.

अंबादास आवाज न चढवता म्हणाला, असं तो फक्त त्या दिवशी बोलला :
आसप्पाला बॉल मऊ काय, दगड काय.
त्याला कुठं लाथ मारायची होती?

नरसम्मा तेव्हाच ब्रँचवरून परत येत होती, काखेत सूप.
पंक्चर काढेपर्यंत थांबली, ऐकत.
म्हणाली, हजारात साठ बिड्या छाट काढल्या आज माझ्या.
पान त्यांनीच दिलं होतं, वाळकं, भोकाभोकाचं.
छाट माझी.
तुमच्या त्या माणसाला पान कुणी दिलं?
मावशी, हे फुटबॉल आहे, मेहताब म्हणाला.
मग? ती म्हणाली, आणि सायकल घेऊन गेली.

गुरुवारी आला होता आसप्पा, मॅचच्या आदल्या दिवशी.
बारीक दे, म्हणाला. आवाज न करणारी.
मी हसलो सुद्धा. दहा रुपये, उधार.
सुई विकणं गुन्हा होतो का,
हे मास्तरांना विचारायचंय मला,
पण दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेऊन.

आता तो चाटी गल्लीत चादरींचे गठ्ठे उचलतो.
काल आला. दहाची नोट पुढं केली.
मी घेतली. वहीत काट मारली.
घ्यायला नको होती, असं हात धुताना वाटलं.
दुकानात दोघंच होतो, म्हणून विचारलं,
कुणी सांगितलं होतं तुला?

पायरीवर एक पोरगं उभं होतं, छातीशी बॉल धरून,
शिवण उसवलेला, कधीकाळी पांढरा.
आसप्पानं त्याच्याकडं मान केली.
हवा भर त्याची, म्हणाला, कवाचं थांबलंय.

मी पंप मारत राहिलो.
पोरगं अंगठा दाबून बघत होतं, म्हणत होतं
अजून.
वळून बघितलं तर पायरी रिकामी.
अजून, काका.