उणे बासष्ट

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, गाळा अठ्ठावीस,
वजनाची पावती मधेच अडकते
म्हणून मला बोलावलं.
दामजीभाई म्हणाले, "तुमच्या प्रोग्रामला सर्दी झालीय."
शिंका मात्र मलाच आवरत नव्हत्या, समोर संकेश्वरी मिरची.

प्रोग्राम माझाच. काटा वाचतो, पावती छापतो,
आकडा वाशीच्या ऑफिसात पाठवतो.
आपण कुठल्या वायफायवर बसलोय
हे त्याला कधी कळायची गरज पडली नव्हती,
भाडं वेळेवर जातंय तोवर
घरमालकाचं नाव कोण विचारतो.

कोपऱ्यात एक बटण ठेवलं.
दाबलं की विंडोजला विचारायचं,
बाई, जाळ्याचं नाव काय, चॅनल कुठला,
आवाज किती लांबून येतोय.
पहिल्यांदा रिकामं उत्तर.
दुसऱ्यांदा चूक क्रमांक पाच, म्हणजे परवानगी नाही.
आठ वर्षं एकाच टेबलावर बसलेल्या कम्प्युटरला
तू कुठे आहेस ते सांगायची मुभा दिली,
तेव्हा कुठे तो बोलला:

नाव जयअंबे२८
चॅनल सहा
जोर उणे एकोणपन्नास

"उणे?" दामजीभाईंचा चेहरा उतरला.
चाळीस वर्षांच्या खतावणीत उण्याला एकच अर्थ.
म्हटलं, इथे सगळेच उण्यात असतात,
शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं.
त्यांनी चष्मा पुसला.
"मग आमच्या बाजारासारखंच."

मिनिटामिनिटाला नोंद घेत बसले.
साडेदहा, उणे एक्कावन्न.
अकरा, उणे सदुसष्ट.
सव्वाअकरा, उणे चौऱ्याऐंशी, आणि पावती अडकली.
ड्रायव्हर बदलला. राउटर बंद करून चालू केला.
केबलवाल्याला नावं ठेवली.

आनंदा शेलार पाठीवर हळदीचं पोतं घेऊन
माझ्या मागून गेला, थप्पीवर टाकलं,
आणि आकडा आणखी दोननं घसरला.
वळून पाहिलं.
राउटर आणि कम्प्युटर यांच्या मधोमध
सांगलीची हळद, छताला टेकत आलेली.

"थप्पी हलवता येईल?"
"सकाळपासनं एकशेचाळीस रचलीत, ताई."
याच्यावर माझ्याकडे कोड नव्हता.
राउटरच हलवला, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी,
तिच्याच खिळ्याला तारेनं बांधून.

ते बटण काढायचं राहूनच गेलं.
परवा गेले तर आनंदा
पोतं पाठीवर तसंच पेलत विचारत होता,
"भाई, किती?"
"उणे बासष्ट."
"मग हे पलीकडं टाकतो."