तीन किलो दोनशे

बॅग आम्ही हिंगण्यात रद्दीवाल्याकडं मोजली.
घरातला काटा माणसांचा,
त्याच्यावर ती उभी राहीना.
रद्दीवाला म्हणाला, कुठं निघाली पोरगी?
मी म्हटलं, पोलंड.
तो म्हणाला, सव्वीस दोनशे.

तेवीसच चालतं.
मग तिथंच, पेपरांच्या गठ्ठ्यावर बॅग उघडून
तिच्या आईनं काढायला घेतलं:
भाजणी अर्धी, सोलापुरी चादर,
बूट (हे पायात घाल),
आणि शेवटी पोळपाट.
लाटणं राहू दिलं.
टेबल तिकडं असेलच की, म्हणाली,
लाटणं कोण देणार आहे?

त्या गावाचं नाव मला अजून येत नाही.
लिहायचं एक, बोलायचं भलतंच.
दुकानात कुणी विचारलं तर सांगतो,
पोलंडमध्ये, जरा आत.

बावीस वर्षं झेरॉक्स काढतोय
लोकांच्या पोरांच्या मार्कशीटच्या.
कागद पालथा ठेवायचा, झाकण दाबायचं,
हिरवा उजेड ह्या टोकाकडून त्या टोकाला जातो.
किती पोरं गेली त्या उजेडाखालून,
जर्मनीला, आयर्लंडला,
मी नुसती पानं मोजली.
ऋजुताचा पासपोर्ट काचेवर ठेवला तेव्हा
प्रत काळी आली.
दुसरी काढली. तिसरी काढली.
काळी टाकवेना, तीही तिच्या फायलीत सरकवली.

पहिल्या दिवशी म्हणाली, पोचले.
दुसऱ्या दिवशी, सगळं छान आहे.
दहावीत गणिताच्या पेपरनंतरही
सगळं छानच होतं.
तिसऱ्या दिवशी फोनच नाही.

चौथ्या दिवशी रात्री अकराला,
तिची साडेसात,
हसत होती, का रडून झाल्यावरचं हसू होतं,
एवढ्याशा स्क्रीनवर मला कळलं नाही.
फोडणी टाकली बाबा, मोहरी तडतडली, धूर झाला
आणि भिंतीवरचा भोंगा कोकलायला लागला.
सहा मजली हॉस्टेल सगळं खाली, रस्त्यावर,
थंडीत, कुणी टॉवेलमध्ये,
एक पोरगी कुंडी कवटाळून,
आणि ही, हातात लाटणं.
म्हटलं, पासपोर्ट घ्यायचा की अशा वेळी!
सुचलंच नाही, म्हणाली. हे हातातच होतं.

कुंडीवाली आर्मेनियाची.
तिनं विचारलं, ह्यानं कुणाला मारायचं?
आता दोघी एकत्र जेवतात.
तिचं नाव मात्र मला लगेच आलं: आनी.
आमच्या गावाकडं, खळदला, गोष्ट संपत आली
आणि पुढचं ऐकायचं असलं की
पोरं असंच म्हणतात.

इकडं नवं लाटणं आणलं, बोहरी आळीतून.
हलकं निघालं.
पोळ्या एका अंगाला जाड होतात.
होईल सवय, तिची आई म्हणते.
कुणाला, ते म्हणत नाही.

सकाळी खाली जाऊन मी ऋजुताची गाडी
पाच मिनिटं स्टँडवरच चालू ठेवतो.
बॅटरी उतरायला नको.
वॉचमन आधी विचारायचा, कुठं निघालात?
आता विचारत नाही.
आरसा तिच्या उंचीला लावलेला.
मला त्यात मागचं काही दिसत नाही,
शर्टाचा खिसा दिसतो, त्यातलं पेन.

काल म्हणाली, महिनाअखेर इकडं
घड्याळं एक तास मागं घेतात.
साडेतीनाचे साडेचार होणार आपले.
म्हटलं, घरच्यांना विचारतात का आधी?

मग म्हणाली, पोळी काही गोल होत नाही,
टेबल डुगडुगतं.
म्हटलं, पायाखाली कागद घाल. चार घड्या.
कागदाचं मला विचार.
कुठला घालू?
तुझ्या फायलीत बघ, म्हटलं, अगदी मागं,
एक काळी आलेली प्रत आहे.