आठव्या मिनिटाला लाइट जाते

परभणीची टेप कुणाला ऐकवायची तर
मी आधीच बजावतो,
आठव्या मिनिटाला लाइट जाते.
टेप बिघडलेली नाही, उठू नका.

एकोणनव्वदचा मार्च. जिनिंगचं आवार.
कापसाच्या गाठींवर बसलेली दीडशे माणसं,
बिडी ओढायला सक्त मनाई,
आणि रेल्वेच्या मालधक्क्यावरून
आठ दिवसांची रजा टाकून आलेला योएल गायसमुद्रे,
निळा शर्ट, दुमडलेल्या बाह्या.
त्यानं ‘मीटरगेज’ धरलं
तेव्हा मागची पोरं पत्र्याला लाथा मारायली होती.
त्याही टेपवर आहेत.
मुख्तारचा रेकॉर्डर सहा सेलवर चालायचा
म्हणून पुढचंही आहे:
लाइट गेली. ड्रम थांबला. शिव्या.
मग शिव्यांच्या खालून,
सुईनं डब्यावर नाव कोरावं तसा
तारांचा आवाज.
बिनविजेची इलेक्ट्रिक गिटार तीन हातांवर मरते.
तो थांबला नव्हता.
दीडशे माणसं अंधारात पुढं सरकायली.
चपलांचा आवाज,
मग चपला काढल्याचा आवाज,
मग नुसतं वाजणं.
अकराव्या मिनिटाला कुणीतरी खोकतं.
तो मी.

त्या खोकल्याबद्दल लिंबाजीनं
मला अजून माफ केलेलं नाही.

लिंबाजीचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे.
त्याच्या मते हैदराबादला दोन दिवसांत उरकलेली कॅसेट म्हणजे
गाळून गाळून पांचट केलेला चहा.
अरुणाताई कुलथे, मिशन दवाखान्यातून रिटायर,
हे ऐकून घेत नाहीत.
“अरे, कॅसेटवर दुसऱ्या कडव्यानंतर तो श्वास घेतो.
तुझ्या त्या गोंधळात कुठं ऐकू येतो?”
त्यांच्याकडं वही आहे, एकसष्ट कार्यक्रमांची.
तारीख, गाव, काय वाजवलं, कोणती तार तुटली.
अंबडला गर्दी सतरा. त्यात आम्ही चौघं.

पोरगी विचारते, एकच गाणं
एकवीस टेपांवर कशाला?
औशाला तो शेवटचा सूर सोडून
शिट्टी घालत उतरून गेला होता,
हे तिला कसं सांगायचं.

गेल्या रविवारी जालन्यात, मंगल कार्यालयात,
आदल्या दिवशीच्या लग्नाची झालर तशीच.
चौऱ्याहत्तर वय. खुर्चीवर बसून.
डाव्या हाताचं एक बोट आता वाकत नाही,
म्हणून जुन्या वळणाशी आला की तो वळसा घालतो,
आणि वळशात एखादं भलतंच गाव लागतं.
‘मीटरगेज’ सुरू होऊन सात मिनिटं झाली
आणि लिंबाजी शेजारी नव्हता.
बघतो तर मेन स्विचच्या बोर्डापाशी,
हात खटक्यावर, डोळे मनगटावर.

योएलदादानं वाजवता वाजवता
चष्म्यावरून तिकडं पाहिलं.
माइकमध्ये म्हणाला,
“राहू दे, लिंबाजी.
तेव्हा बी मी भ्यालो होतो, म्हणून वाजवत राहिलो.”

लोक हसले. आम्ही नाही.
पस्तीस वर्षं आम्ही त्याला हिंमत म्हणत आलो होतो.

लिंबाजीनं हात काढून खिशात घातला.
मग जे सुरू झालं
ते आमच्यापैकी कुणाच्याच टेपवर नाही.
सुरुवात डगमगती. मधे चुकला,
“थांबा” म्हणाला, मागं गेला,
दुसऱ्याच वाटेनं परत आला. जरा लांबलंच.
अरुणाताईंनी वहीत लिहिलं: नवीन, नाव माहीत नाही.
खाली रेघ मारली, आणि वही मिटलीच नाही.
मुख्तारनं फोन वर धरलेला,
त्याचा हात थरथरायला होता.

माझ्या घशात खवखव झाली.
लिंबाजीनं लांबून माझ्याकडं पाहिलं.
मी खोकलो.