मधला रकाना

चौथीच्या नकाशात स्वराज्य भगव्या रंगात आहे
आणि आमचा खानदेश फिकट हिरवा, रेघेच्या बाहेर.
दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यंदा मोहिनी देवरेनं विचारलं,
"सर, आपण तेव्हा कुठे होतो?"
मी म्हणालो, पान उलट.
पुढच्या पानावर सुरतेची वाट होती.
वाटेतल्या गावांची नावं कुणी छापत नाही.

धुळ्याला एका दप्तरात मोडीचा कागद पाहिलाय मी.
वाचून दाखवणाऱ्या कुलथेकाकांचं बोट थरथरत होतं,
वयानं, भक्तीनं नव्हे.
मौजे भोणखेडे. गाव एक, रकाने दोन:
स्वराज्य इतके. मोगलाई इतके.
एकाच खळ्यातली एकच रास
दोनदा मोजलेली.
जो शब्द मी जन्मभर छातीवर लावून हिंडलो
तो इथे जमाखर्चात बसला होता,
कानावर बोरू खोचून.
"मग गावाचा रकाना कुठला?"
काकांनी कागद उजेडाकडे धरला.
दोन्हींच्या मधे वाळवीनं एक लांबट भोक पाडलं होतं.

पण गावाला एक पाट होता.
पांझरेवर चुन्यात बसवलेला दगडी बंधारा,
त्यातून निघालेला पाट, पाटावर चार फड:
एकात ऊस, एकात गहू, एकात बाजरी
आणि एक पडीक, दम खायला.
सुभेदार गेले, मामलेदार आले, मग कलेक्टर.
पाटाला कळवायला कुणी गेलं नाही.
आखाजीला देवळापुढे पंच बसायचे
आणि पाणी कमी असलं की ठरवायचे,
यंदा कुणाचंच सगळं भिजणार नाही.
एक नियम मात्र विचित्र:
आपल्या शेताला आपण पाणी द्यायचं नाही.
फावडं पाटकऱ्याच्या हातात.
मालकानं बांधावर उभं राहायचं, हात मागे घेऊन.

माझा बाप पाटील. शहाऐंशी साल, माघातली रात्र,
उसाची पानं कागदासारखी वाजत होती.
त्यानं बारं फोडलं. कंदील मी धरला होता,
आठ वर्षांचा, फुगलेल्या छातीनं.
पाणी आमच्या वाफ्यात शिरलं,
चोरासारखं नाही, घरच्यासारखं.
आणि अंधारातून सुपडू जागल्याचा आवाज:
"पाटील, बारं बुजा. पानी तुमनं नही, पाटनं से."

सुपडू भिल्ल. अख्ख्या फडात त्याची वीतभर जमीन नव्हती.
बाप त्याला मारेल असं मला वाटलं.
बापालाही वाटलं असावं.
मग तो वाकला आणि हातांनीच
चिखल ओढून बारं बुजवलं.
सकाळी सव्वाशे रुपये दंड, पायताण बाहेर काढून.
त्या पैशांतून पाटाचा गाळ निघाला.

सुपडूला त्या वर्षीही ठरल्या तेवढ्याच पेंढ्या मिळाल्या.
पंचांत त्याचं नाव कधी आलं नाही,
माझ्या आईचं तर पाण्याच्या कुठल्याच वहीत नाही.
हेही लिहायला हवं,
नाहीतर वाळवीत आणि माझ्यात फरक काय.

आता वर धरण आहे. पाटात बाभळी.
ज्याची त्याची बोअर, साडेतीनशे फूट खोल
ज्याचं त्याचं राज्य.
रात्री दोनला लाईट येते
आणि प्रत्येक जण बटण दाबून सिंहासनावर बसतो.
झुलाल पाटकरी तेव्हा जागाच असतो, सवयीनं.
अंथरुणात पडून मोटारींचे आवाज मोजतो,
कुणाचं झालं, कुणाचं राहिलं.

मोहिनीला उत्तर द्यायचं बाकी आहे.
वर्ग घेऊन बंधाऱ्यावर जावं म्हणतो.
झुलालला बोलवावं, फावडं तिच्या हाती द्यावं
आणि म्हणावं, तुझं शेत सोड, शेवटचं आधी भिजव.
पाणी नसेल. तरी उभं राहून बघू
हात मागे घेतल्यावर कसं वाटतं ते.

शाळेबाहेर जायला केंद्रप्रमुखांची परवानगी लागते.
अर्ज दिलाय,
दोन प्रतींत.