पितळेची पिन

वरच्या फळीवर, ग्रीसच्या डब्यामागे
चांदीचं पाणी उडालेला एक कप आहे.
त्यात मी वॉशर आणि पिना ठेवते.
बोटाने चाचपलं तर अजून लागतं: रनर-अप, अडुसष्ट.
गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, पोहायच्या शर्यतीचा का?"
मी म्हणते, हो.
इंजिनाला वेळ लागतो, गोष्टीला त्याहून जास्त.

वरळीच्या पाण्यात तेव्हा पुलाचे खांब नव्हते.
एक नारिंगी पिंप तरंगायचं, नांगराला बांधलेलं,
आणि जानेवारीच्या रविवारी, भरती पुरती चढली की
सात प्लायवुडच्या बोटी त्याला डाव्या हाताला ठेवून वळायच्या.
बोट कसली, दाराची फळी जेमतेम.
मागे पंचवीस घोडे, मध्ये गुडघ्यांवर बसलेला माणूस,
आणि पाण्याचा पिसारा, दोन पुरुष उंच.

डेलफिन कुटिन्हो, खार दांड्याची.
फ्रॉकवर लाइफ जॅकेट, दातांत हेअरपिन,
वळणावर इतकी झुकायची की कान ओला व्हायचा.
सलग तीन वर्षं कप तिचा. मग लग्न होऊन मस्कतला गेली.
तिथे तिचं शिवणयंत्र फार जोरात चालायचं म्हणे.

नवशा वासकरला गाळातला दगडन् दगड पाठ.
पण घड्याळ वाचता येत नव्हतं,
दर वेळी झेंड्याच्या आधी सुटायचा
आणि बाद झाल्यावरही पाचही फेऱ्या पुऱ्या करायचा.
लोक त्यालाच जास्त टाळ्या वाजवायचे.

आणि फिरदोस अंटिया. विमा कंपनीत हिशेबनीस,
चष्मा नाडीने डोक्याला बांधलेला.
त्याचं इंजिन माझ्या बाबाच्या हातचं.

बाबा, बारक्या केणी, धक्क्यावर डोळे मिटून उभा राहायचा
आणि कोण पुढे आहे ते सांगायचा.
डेलफिनचं खरवडतं. नवशाचं खोकतं.
अंटियाचं... बाबा शब्द शोधायचा...
दूध उतू जायच्या आधी गप्प होतं ना, तसं.

पंख्याच्या दांड्यात एक पिन असते, पेराएवढी.
पंखा कशावर आदळला तर ती तुटते.
तुटायलाच केलेली. त्यामुळे गिअर वाचतो, कधी माणूसही.
जिंकणारे पोलादाची घालत.
"स्टील नाख, बारक्या," अंटिया दर शर्यतीला सांगायचा.

त्या पहाटे उधाणाने कुठल्याशा जेट्टीचे वासे सोडवले होते.
मी नऊ वर्षांची, हातात पक्कड.
बाबाचा हात पोलादाकडे गेलेला मी पाहिला,
आणि परत आलेलाही.

शेवटची फेरी. अंटिया पुढे.
रेषेला चाळीस हात असताना इंजिन किंचाळलं,
पंख्यापासून सुटलेलं इंजिन किंचाळतं तसं,
आणि बोट पोटावर बसली. डेलफिन शेजारून गेली.
तो नुसत्या वेगावर घसरत दुसरा आला.

पिसारा विरल्यावर पाणी साफ होतं.
वासा कुणालाच दिसला नाही.

संध्याकाळी अंटिया दुकानात आला. कप फळीवर ठेवला.
तळहात पुढे केला.
बाबाने त्यावर पिनेचे दोन तुकडे ठेवले, पिवळे.
बराच वेळ तो बघत होता.
मग एक तुकडा खिशात टाकला, एक परत दिला,
आणि विचारलं, "पोरगी शाळेत जाते का?"

पुढची तीन वर्षं इंजिन आमच्याकडेच यायचं.
पिनेचं नाव कुणी काढलं नाही.
बाबा गेला तरी मला सांगितलं नाही,
वाशाची भीती होती की आणखी कशाची.

आता बोंबलाच्या होड्यांची इंजिनं येतात.
पोरं वैतागतात, "मावशी, लोखंडी टाक ना, सारखी तुटते."
मी तुटकी उपसते, अंगठ्याने तिची कड बघते,
कपात हात घालते.

वर पुलावरून गाड्या जातात, सगळ्यांचा आवाज एकसारखा.
मी कधी कधी डोळे मिटून उभी राहते.
कोण पुढे आहे, मला सांगता येत नाही.